दिवसांचा भाव होऊ देऊ नकोस

सॉफ्टवेअरच्या कामासाठी गेलीस, कारखान्याच्या ऑफिसात ओळखपाळख झाली, चहा आला, की मालक हमखास विचारतात, "मॅडम, ढोबळमानाने किती होईल? पक्कं नको, नुसता अंदाज सांगा." अगं, त्या क्षणी तोंडातून आकडा काढू नकोस. ढोबळ म्हणून सांगितलेला आकडा ढोबळ राहत नाही. तू घरी पोचेपर्यंत तो त्यांच्या डायरीत गेलेला असतो, दुसऱ्या दिवशी अकाउंटंटला माहीत असतो. पंधरा दिवसांनी तू सगळं मोजूनमापून कोटेशन पाठवतेस आणि फोन येतो, "तुम्ही तर तीन लाख म्हणाला होतात!" तिथून पुढची सगळी बोलणी त्या तीन लाखांवरच होतात. काम काय आहे हे कुणी विचारत नाही.

आणि तो आकडा फक्त समोरच्याच्याच डोक्यात रुततो असं समजू नकोस. १९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्र १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली होती. ज्यांच्यासमोर १० आला त्यांचं उत्तर साधारण २५ टक्के, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही हे दिसत असूनही असं झालं. मग मालक म्हणाले, "शेजारच्या शेडवाल्यांनी दोन लाखांत करून घेतलंय," तर तुझी मोजणीही नकळत दोन लाखांभोवतीच घुटमळणार. म्हणून आधी तुझं मोजून घे, त्यांचं बजेट नंतर विचार.

तोवर उत्तर काय द्यायचं? सरळ सांग, "साहेब, आकडा देणार आहे, पण आधी शॉपमध्ये दोन-तीन दिवस फिरू द्या. न बघता सांगितला तर तुमचीही फसगत आणि माझीही." बहुतेक मालकांना हे पटतं. त्यांच्याकडे कुणी ड्रॉइंग न दाखवता कास्टिंगचा दर विचारला तर तेही देत नाहीत. फारच आग्रह झाला तर आधीच्या कामांची दोन टोकं सांग, "अशा कामांना तीन लाखही लागलेत आणि नऊही. तुमचं कुठे बसतं ते बघितल्यावर कळेल." टोकं लांब ठेवायला लाजू नकोस. बॅरी बोएम यांनी सॉफ्टवेअरच्या खर्चावरच्या १९८१ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं. काम नुसतं कल्पनेत असतं तेव्हा केलेला अंदाज खऱ्या खर्चाच्या पाव असू शकतो किंवा चौपटही. काय बनवायचं हे जसजसं ठरत जातं तसतशी ही तफावत आवळत येते. नुसता वेळ गेला म्हणून ती कमी होत नाही, निर्णय व्हावे लागतात.

तू कोल्हापूरच्या फाउंड्रीचं काम घेते आहेस, म्हणून तिथलंच सांगते. शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, मागणीपत्रात सगळीकडे एक ओळ असतेच: 'जॉबवर्क मॉड्यूल, माल बाहेर पाठवणे व परत घेणे.' ऑफिसात बसून वाचलं तर त्यात काय आहे? एक चलानाचा स्क्रीन, एक आवकेचा स्क्रीन, शिल्लक दाखवणारा एक रिपोर्ट. आठ दिवस धरले की झालं, असं वाटतं.

आता डिस्पॅचच्या टेबलाशी जा आणि सुपरवायझरची वही उघडायला सांग. दोनशे कास्टिंग मशीनिंगला बाहेर गेल्याची नोंद दिसेल. जाताना एका नगाचं वजन १२.४ किलो, परत येताना १०.९. म्हणजे दोनशे नगांमागे तीनशे किलोच्या आसपास लोखंडाचा चुरा. तो चुरा जॉबवर्कवाल्याने ठेवायचा की परत करायचा? ठेवला तर मजुरीतून वजा करायचा का, कुठल्या दराने? मग परत आलेल्यांत चांगले नग १९१. उरलेल्या नऊंपैकी सहांत मशीनिंग करताना आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी निघाली, ही चूक फाउंड्रीची. तीन नगांचं माप जास्त कापलं गेलं, ती चूक जॉबवर्कवाल्याची. त्या सहांची मजुरी द्यायची का? अर्धवट मशीनिंग झालेल्याची किती? त्या तीन नगांच्या धातूचे पैसे कुणाच्या नावावर टाकायचे? सहा नग पुन्हा भट्टीत गेले, तर कुठल्या हीट नंबरचे, म्हणजे भट्टीच्या कुठल्या खेपेचे, हे लिहून ठेवायचं का? गिऱ्हाईक गाड्यांचे भाग बनवणारं असेल तर ठेवावंच लागतं. शिवाय कास्टिंगचा दर किलोवर आणि मशीनिंगचा नगावर, म्हणजे एकाच मालाचा हिशोब दोन मापांत चालतो, आणि दोन्ही मापं महिनाअखेरीस जुळायला हवीत.

इतक्यावर भागत नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर लागतो. म्हणजे प्रत्येक चलानातला कुठला नग किती दिवस बाहेर आहे याचा हिशोब ठेवायला हवा, आणि माल तर हप्त्याहप्त्याने, चार चलानांचा मिसळून परत येतो. त्यावर आयटीसी-०४ चा फॉर्म भरायचा. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'बाकी ११, बोलणे झाले', तर तिथे थांब. काय बोलणं झालं, कुणाशी, आणि हे प्रोग्रॅममध्ये कुठे लिहायचं, ते विचार. अशा एकेका पेन्सिलीच्या ओळीमागे दोन-दोन दिवसांचं काम असतं. आठ दिवसांचे बावीस कसे होतात, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

हे छोट्या कारखान्यापुरतंच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याने पगारपत्रकाची जुनी प्रणाली बदलायला घेतली. डिसेंबर २००७ मध्ये करार झाला, पगाराच्या भागाचा सुरुवातीचा आकडा सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता आणि २००८ च्या मध्यापर्यंत ते सुरू होणार होतं. पगारपत्रक म्हणजे काही अनोखी वस्तू नव्हे, जगभर चालतं. पण या खात्यात पाऊण लाखाहून जास्त माणसं, वेगवेगळे कामगार करार, पाळ्या, भत्ते, आणि त्यांच्या मिळून २४ हजारांहून जास्त जोडण्या. काय हवं आहे हे नीट ठरवण्याचं काम घाईत उरकलं गेलं. प्रणाली सुरू झाली मार्च २०१० मध्ये, आणि नर्सेसना, डॉक्टरांना कमी पगार, जास्त पगार, काहींना तर पगारच नाही, अशी दैना उडाली. २०१३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला तोवर दुरुस्ती आणि पुढची काही वर्षं चालवण्याचा सगळा खर्च धरून अंदाज सुमारे १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला होता. राबूनही पगार हातात न पडलेल्या त्या नर्सेसचा विचार कर. आपण ज्याला 'नेहमीचंच तर आहे' म्हणतो ना, तिथेच सगळ्यात जास्त विचारायचं असतं.

मोजायचं कशावर, हा तुझा पुढचा प्रश्न. कोडच्या ओळी मोजू नकोस, त्या आधी कुणालाच दिसत नाहीत. आयबीएममधल्या अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये 'फंक्शन पॉइंट'ची पद्धत मांडली. वापरणाऱ्याला जे दिसतं ते मोजायचं. आत काय काय भरलं जातं, बाहेर काय निघतं, काय शोधलं जातं, कुठली माहिती साठवली जाते, बाहेरच्या कुठल्या प्रणालीशी बोलावं लागतं. त्यांचे पूर्ण नियम शिकायला वेळ लागेल, पण ही नजर आजपासून वापरता येते. फाउंड्रीत फिरताना प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक छापील फॉर्म, महिनाअखेरीस मालक मागतात तो प्रत्येक कागद, असं सगळं एका शीटमध्ये उतरवत जा. शेजारी सोपं, मध्यम, अवघड एवढंच लिही. शीटमधली कुठलीही ओळ चार-पाच दिवसांपेक्षा मोठी वाटली तर ती आणखी फोड. वीस दिवसांची ओळ म्हणजे आत काय आहे हे आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

आणि या शीटमध्ये जे कधीच कुणी लिहीत नाही ते आवर्जून लिही. आयटेम मास्टरपासून सुरू कर. टॅलीत आणि एक्सेलमध्ये एकाच वस्तूची तीन नावं सापडतील: 'फ्लँज ४ इंच', 'फ्लॅन्ज ४', 'फ्लँज ४ इंची जुना'. यातले दोन एकच आहेत की तिन्ही वेगळे, हे फक्त स्टोअरमधल्या काकांना माहीत असतं, आणि त्यांना दिवसातून अर्धा तास मिळतो. पाचशे नावं अशी निस्तरायची असतील तर किती दिवस जातील, बघ. कोण काय बघू शकतो याचे अधिकार, छापून आणलेल्या बिलांच्या कागदावर नेमकं बसणारं प्रिंटिंग, बॅकअप, दोन्ही पाळ्यांतल्या लोकांना शिकवणं, महिनाभर जुनं आणि नवं दोन्ही शेजारी चालवून आकडे ताडून बघणं. हे सगळं काम तूच करणार आहेस, ते कागदावर आलं नाही तर फुकट करणार आहेस.

फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या सिस्टीम/३६० चं अवाढव्य काम सांभाळल्यावर १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा ठोकताळा आहे: एकूण वेळापैकी एक तृतीयांश आखणीला, फक्त एक षष्ठांश कोड लिहायला, आणि उरलेला अर्धा चाचण्यांना. ती सिस्टीम फार मोठी होती, तुझं काम लहान आहे, हे खरं. पण कोड लिहिणं हा लहान हिस्सा, हे आपल्याही कामात दिसतं. आता मालकांचा मुलगा नक्की म्हणेल, "एआय कोड लिहितं ना आता, मग निम्म्या दिवसांत करा." त्याच्याशी वाद घालू नकोस, मांडून दाखव. साठ दिवसांच्या कामात ब्रूक्स यांच्या हिशोबाने कोडचे दिवस दहा. ते खरोखर निम्मे झाले तरी वाचले पाच. स्टोअरमधल्या काकांना शोधून फ्लँजची नावं विचारणं, चुऱ्याचा दर कुणी ठरवायचा यावर मालक आणि त्यांच्या भावाचं एकमत होणं, हे दिवस तितकेच राहतात.

प्रत्येक ओळीला एकच आकडा देऊ नकोस, तीन दे. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५० च्या दशकाच्या शेवटी वापरात आलेली ही पद्धत आहे. सगळं सुरळीत गेलं तर किती, बहुधा किती, विचका झाला तर किती. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. जॉबवर्कचं बघ: सुरळीत १२, बहुधा २०, विचका झाला तर ४०. बारा अधिक ऐंशी अधिक चाळीस म्हणजे १३२, भागिले सहा, २२ दिवस. सूत्रात जादू काही नाही. त्याचा फायदा हा की 'विचका झाला तर' म्हटल्यावर माणूस अडचणी आठवायला लागतो. तो आकडाही जरा वाढवूनच घे. कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं, तो अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले. सगळं बिघडलं तर किती, याला उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. हुशार मुलं होती, स्वतःच्याच कामाबद्दल बोलत होती, तरी त्यांचं वाइटातलं वाईटही कमी पडलं. मनात काम नेहमी सरळ रेषेत पार पडतं ना, म्हणून.

यावर मला तरी एकच खात्रीचा उपाय माहीत आहे. मागच्या कामांची वही. काय धरलं होतं आणि काय लागलं, ओळीगणिक. आपल्याकडे छोट्या कंपन्यांत हे कुणी ठेवत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. दहा-दहा वर्षं काम करूनही पुढचा अंदाज पुन्हा कोऱ्या पाटीवर. तू पहिल्या कामापासून ठेव. रिपोर्टच्या सगळ्या कामांना तू धरतेस त्याच्या दीडपट दिवस लागतात असं दिसलं तर पुढच्या वेळी दीडने गुण, त्यात कमीपणा नाही. आणि टीममधल्या पोरांना आकडा विचारताना तुझा आधी सांगू नकोस. सगळ्यांनी आपापल्या कागदावर लिहायचं आणि एकदम उघडायचं. कुणी तीन लिहिले आणि कुणी अकरा, तर सरासरी काढून मोकळी होऊ नकोस. अकरावाल्याला बोलू दे. त्याला असं काहीतरी माहीत असतं जे बाकीच्यांच्या ध्यानातच आलेलं नसतं. बऱ्याचदा ती सगळ्यात गप्प बसणारी मुलगी असते, तिला सगळ्यांआधी विचार.

समजा, सगळं मिळून १०५ मॅनडेज आले, टोकं ८५ आणि १४०. तिघं आहात म्हणून ३५ दिवसांत होईल असं कॅलेंडरवर मांडू नकोस. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येणार, कुणाला ताप येणार, कुणाच्या घरी लग्न असणार. गणपती, दिवाळी आहेच, आणि मार्चअखेरीस त्यांचा अकाउंटंट तुला दारातही उभं करणार नाही. त्यांची साप्ताहिक सुट्टी आणि तुझी वेगवेगळी असली तर आठवड्यातले दोन्ही दिवस उत्तराविना जातात. मला विचारशील तर साडेतीन महिने लिही.

आता पैशांकडे येऊ. इथे नवीन मुली एकाच जागी बुडतात. ४५ हजार पगाराच्या मुलाचा दिवस ३० ने भागून १,५०० रुपये धरतात. अगं, त्याचा पीएफ, जागेचं भाडं, लॅपटॉप, वीज, सुट्ट्या, तुझी स्वतःची धावपळ, हे कुठे गेलं? सगळं धरून तो महिन्याला ७० हजारांना पडतो असं मान. आणि महिन्यातले गिऱ्हाइकाला लावता येतील असे दिवस सोळाच निघतात. म्हणजे दिवस पडला ४,३७५ रुपयांना. १०५ दिवसांचे होतात ४,५९,३७५. पंधराशेच्या हिशोबाने दीड लाखाच्या वर फारसे गेले नसते, आणि तू तीन लाखांना काम घेऊन दुप्पट कमावल्याच्या आनंदात असतीस. वीस टक्के नफा धरला तर साडेपाच लाख, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी वेगळा लिही. 'सगळं धरून' असा एकच आकडा कधीही पाठवू नकोस, नंतर तो कर तुझ्या खिशातून जातो.

पैसे कधी येणार तेही कोटेशनमध्येच. अ‍ॅडव्हान्स, मग कामाच्या टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता छोटा. मोठा ठेवलास तर 'अजून एक रिपोर्ट राहिला' यात तो वर्षभर अडकतो. उद्यम नोंदणी करून घे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघू उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट मिळायला गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत थांबावं लागतं. कारखान्याचे सीए हे चांगलं ओळखून असतात. सुरुवातीच्या पाहणीचेही पैसे वेगळे लाव. आठ दिवसांची पाहणी, त्याचा लेखी अहवाल, आणि त्यानंतर पक्का आकडा. तो अहवाल घेऊन त्यांना दुसऱ्याकडे जायची मुभा दे. मोकळ्या मनाने दे. पाहणीलाही पैसे द्यायला तयार नसलेला माणूस पुढे बदलांचे पैसे कसे देईल, हे तुला तिथेच कळून जातं.

मग घासाघीस सुरू होईल. होऊ दे, त्यात गैर काही नाही. पण काय कमी करायचं आणि काय नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. दर कमी करायचा असेल तर कर, तो तुझा नफा आहे. नवं गिऱ्हाईक आहे, फाउंड्रीवाल्यांत नाव होईल, म्हणून पन्नास हजार सोडलेस तर तो तुझा धंद्याचा निर्णय झाला. काम कमी करायचं असेल तर तेही कर. पहिल्या टप्प्यात डिस्पॅच आणि बिलिंग, जॉबवर्क दुसऱ्यात. पण "१०५ दिवस कशाला, ७० मध्ये बसवा की," याला मान डोलावू नकोस. तू सत्तर म्हणालीस म्हणून ब्लो होलचे सहा नग कमी होणार नाहीत आणि फ्लँजची नावंही जुळून येणार नाहीत. ते पस्तीस दिवस काम म्हणून शिल्लकच राहतात, आणि मग पोरापोरींच्या रात्रींतून वसूल होतात. रात्री दोनला दुरुस्त केलेलं बिलिंग सकाळी चुकीचा कर लावतं. अशा कामांतून चांगल्या चांगल्या मुली हे क्षेत्रच सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. हुशारीत कुठे कमी नव्हत्या गं, कुणीतरी त्यांचे दिवस विकून आलं होतं.

आणखी एक, आपल्यालाच जास्त ऐकावं लागतं म्हणून सांगते. "मॅडम, तुम्ही मनावर घेतलं तर होईल." कौतुकाने म्हणतात, बरंही वाटतं, आणि 'बघते' असं तोंडातून निघून जातं. समोरचा 'बघते' म्हणजे 'हो' असं ऐकतो. त्याऐवजी शीट पुढे कर आणि विचार, "यातली कुठली ओळ आत्ता नको?" आवाज चढवायची गरज नाही. तुझ्यापुढे ओळीगणिक हिशोब असला की त्यांनाही ओळीगणिकच बोलावं लागतं.

कोटेशनखाली काय धरलं आहे आणि काय नाही, हे मराठीत, साध्या वाक्यांत लिही. 'जुन्या नोंदी फक्त चालू आर्थिक वर्षाच्या आणणार.' 'आयटेमची नावं कारखान्याने तपासून द्यायची.' 'करात किंवा कायद्यात बदल झाल्यास ते काम वेगळं.' शेवटचं वाक्य कुणी गाळायला सांगितलं तरी गाळू नकोस. ई-इन्व्हॉइसचंच बघ. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं. 'आम्हाला लागत नाही' म्हणणाऱ्या किती तरी कारखान्यांना मध्येच लागलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे बरेचसे दर मोडीत निघाले. ज्यांनी दर मास्टरमध्ये ठेवले होते त्यांचं थोडक्यात निभावलं, ज्यांनी कोडमध्ये लिहिले होते त्यांची दैना झाली. असे बदल येतातच, ते धरूनच वागायचं. मालकांकडून आलेला प्रत्येक नवा 'एवढंच तर आहे' त्याच दिवशी लिहून, त्याचे दिवस आणि पैसे मांडून, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, 'हो' घेऊन ठेव. छोटा असेल तर फुकट कर, पण लिहून फुकट कर.

इतकं सगळं करूनही काम लांबेल. कधीतरी लांबेलच. तेव्हा मालक म्हणतील, "आणखी तीन पोरं लावा." ब्रूक्स यांचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षण याच्याबद्दल आहे: उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या पोरांना नग-किलोचा घोळ समजवायचा कुणी? तुझ्याच जुन्या पोरांनी, काम बाजूला ठेवून. तिघांत एकमेकांशी बोलायच्या वाटा तीन असतात, सहांत पंधरा होतात. त्यापेक्षा दर शुक्रवारी शीट उघड, उरलेल्या ओळी नव्याने मोज. चौथ्या आठवड्यातच जॉबवर्कचा भाग सरकताना दिसेल. 'पुढच्या आठवड्यात भरून काढू' असं स्वतःला समजावत बसू नकोस, शनिवारी सकाळी फोन उचल. "साहेब, जॉबवर्क तीन आठवडे पुढे जातंय. चार चलानांचा माल मिसळून येतो, त्याचा हिशोब धरला होता त्यापेक्षा अवघड निघाला. डिस्पॅच आणि बिलिंग ठरल्या तारखेलाच सुरू होतंय. सोमवारी येऊन दाखवते." चिडतील, चिडू दे. चौथ्या आठवड्यात चिडलेल्या मालकाच्या हातात अजून बरंच काही असतं. ते जुनी वही महिनाभर चालू ठेवू शकतात, शिकवणीच्या तारखा बदलू शकतात, भावाला बसवून चुऱ्याचा दर एकदाचा ठरवून देऊ शकतात. चौदाव्या आठवड्यात त्यांच्याकडे फक्त तुझा उरलेला हप्ता असतो.